लालासाहेबांचा जाहीर खुलासा

लालासाहेब जगदाळे यांनी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी सगळं खरं बोलायचं ठरवलं, आणि तेही फ्लेक्सवर.

त्याआधी ते खोटं बोलत होते असं मुळीच नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या एका संकुलाच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं गृहकर्ज सल्ला केंद्र होतं, आणि तिथल्या खुर्चीत बसून आपण सोळा वर्षांत एकही खोटं वाक्य उच्चारलं नाही, हे ते शपथेवर सांगू शकले असते. दाराच्या काचेवर लिहिलं होतं, 'सल्ला संपूर्ण मोफत'. तो मोफतच होता. गिऱ्हाइकाकडून त्यांनी कधी चहाचे पैसे घेतले नव्हते, उलट चहा तेच पाजत. गिऱ्हाईक यायचं, गार पाणी प्यायचं, चहा प्यायचं, दाखवाल तिथं चाळीस-पन्नास सह्या करायचं आणि महिन्याभरात त्याचं कर्ज व्हायचं. कर्ज झालं की कर्ज देणारी कंपनी लालासाहेबांच्या खात्यावर कमिशन टाकायची. हे शेवटचं वाक्य तेवढं ते गिऱ्हाइकासमोर बोलत नसत. कुणी विचारत नसे, म्हणून सांगत नसत. न विचारलेलं सांगत सुटणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे, असं त्यांचं मत होतं.

विचारलं चांदबीनं, रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी.

चांदबी मुल्ला मूळची कवठे महांकाळची. मिरजेत ती शाळेचे गणवेश शिवायची, नवरा बादशहा ट्रकच्या बॉड्या रंगवायचा. चार वर्षांपूर्वी लालासाहेबांनी त्यांना अठरा लाखांचं कर्ज करून दिलं होतं आणि त्या कर्जावर मिरजेत त्यांचं दोन खोल्यांचं घर उभं राहिलं होतं. तेव्हापासून दर ईदेला चांदबी शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायची. "सायबांनी फुकट घर करून दिलं," असं ती आल्या-गेल्याला सांगायची. सोळा वर्षांत शेकडो घरं झाली, पण डबा आणणारी ही एकटीच. त्यामुळे लालासाहेब ईदेच्या आसपास सकाळचा नाश्ता थोडा कमीच करायचे.

या वर्षी डबा आला, पण चांदबीबरोबर तिची मुलगी मिस्बाहही आली. ती नुकतीच एका हिशेब तपासनिसाच्या कार्यालयात नोकरीला लागली होती आणि तिच्या हातात घराच्या कर्जाची फाईल होती. डबा आणि फाईल एकाच टेबलावर ठेवली गेली. लालासाहेबांनी आधी डबा जवळ ओढला.

"सायेब, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?" चांदबी म्हणाली.

"विचारा की. तुमचंच ऑफिस आहे."

"तुमी आमच्याकडनं एक रुपाया घेतला न्हाई. मग ह्ये हापिस कशावर चालतं? ह्यो पंखा, ही खुर्ची, तुमचं घर?"

"कंपनी देते ना आम्हाला."

"का देती?"

लालासाहेबांनी चमचा खाली ठेवला. सोळा वर्षांत त्यांना सातबाऱ्यापासून सीमाभिंतीपर्यंत हजार प्रश्न विचारले गेले होते, पण हा नवीनच होता.

"म्हणजे... आम्ही काम आणून देतो, म्हणून."

"आमचं काम आणून दिल्याबद्दल किती दिलं?"

"ते जरा गोपनीय असतं, चांदबी."

"घर आमचं, हप्ता आमचा, आन् आमालाच गोपनीय व्हय?"

ती हे चढ्या आवाजात म्हणाली असती तर लालासाहेबांना बरं वाटलं असतं, कारण चढ्या आवाजाच्या गिऱ्हाइकाला कसं शांत करायचं हे त्यांना ठाऊक होतं. पण तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती. मिस्बाहनं फाईल उघडली. समोरच्या रस्त्यापलीकडच्या बँकेचा व्याजाचा दर तेव्हाही दीड टक्का कमी होता, हे तिनं सांगितलं. कर्जाबरोबर नव्वद हजारांचा विमा काढलेला होता आणि तो कर्जातच मिळवलेला होता, म्हणजे त्याच्यावरही वीस वर्षं व्याज होतं, हेही सांगितलं. "तो घ्यायलाच लागतो असं तुम्ही म्हणाला होतात, सर. घ्यायलाच लागतो का?"

"घेतलेला बरा असतो," लालासाहेब म्हणाले.

चांदबीनं मान डोलावली. "डबा सावकाश द्या," म्हणाली आणि दोघी जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी लालासाहेबांना जेवण गेलं नाही. त्यांची बायको संयोगिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि घरातला नियमित पगार तेवढा तिचाच. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "मग लिहून लावा की. आम्ही नाही का शाळेत शिष्यवृत्तीची यादी भिंतीला लावत? कुणाला किती आले, सगळ्यांना दिसतं. भांडणच नको."

बायकोनं हे भाकरी करता करता म्हटलं होतं. म्हणजे त्यावर फार विचार झालेला नव्हता. पण दुखावलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो फार भव्य वाटतो. आपण काही चोरून घेत नाही, मग उघड का नाही लावायचं? सांगली जिल्ह्यात आजवर एकाही कर्ज सल्लागारानं हे केलं नसेल, आपण पहिले. ह्या 'पहिले'नं घात केला. लालासाहेबांनी वही काढून मजकूर लिहायला घेतला आणि शाळेतल्या निबंधानंतर प्रथमच त्यांनी खोडून खोडून काही लिहिलं.

मजकूर साधा होता. आपण सल्ला मोफत देतो, पण कर्ज देणाऱ्या कंपनीकडून दर लाखामागे आठशे रुपये आणि विमा काढल्यास त्याचे वेगळे पैसे घेतो. आपला संबंध तीनच कंपन्यांशी आहे, बाकीच्या बँकांचं कर्ज आपण दाखवत नाही, तेव्हा ते स्वस्त असू शकतं, समोर जाऊन चौकशी करावी. विमा सक्तीचा नाही. कर्ज नामंजूर झालं तर कंपनीला भरलेली फी परत मिळत नाही. खाली नाव, सही, तारीख.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शेजारच्या पृथ्वीराज खराडेला दाखवला. पृथ्वीराज जमिनी-फ्लॅटचे व्यवहार जुळवायचा. त्याच्या गळ्यात जाड साखळी होती आणि डोक्यात सतत कुणाचा तरी प्लॉट असायचा. त्यानं कागद दोनदा वाचला.

"लालाभाऊ, कुणाची केस झाली का तुमच्यावर?"

"नाही रे."

"मग आजारी हायसा का? रिपोर्ट काय वाईट आलाय?"

"पृथ्वीराज, गिऱ्हाइकाला कळायला नको का?"

"गिऱ्हाइकाला कळत असतं तर ते आपल्याकडं आलं असतं का, भाऊ?" एवढं सांगून पृथ्वीराज आत गेला. ह्या वाक्यावर लालासाहेबांनी थोडा वेळ थांबून विचार करायला हवा होता. पण ते तरातरा खाली फ्लेक्सवाल्याकडे गेले.

फ्लेक्स छापणारा शाहरुख तांबोळी भला माणूस होता. फक्त त्याला कुठलाही मजकूर फोटोशिवाय छापायची सवय नव्हती. लालासाहेबांनी मजकूर, पासपोर्टचा एक फोटो आणि अर्धे पैसे दिले आणि ते कामाला निघून गेले. संध्याकाळी फ्लेक्स आपोआप जिन्याजवळ लागलेला होता. सहा फूट बाय चार फूट. मधोमध लालासाहेबांचा फोटो, काळा-पांढरा. फोटोभोवती करडी चौकट. खाली दोन कोपऱ्यांत दोन समया. आणि मग बारीक अक्षरात सगळा खुलासा.

"शाहरुख, अरे हे काय?"

"सर, मजकूर लय मोठा हुता. वाढदिवसाच्या डिझाईनमदी बसंना. एवढा मजकूर फक्त श्रद्धांजलीच्याच डिझाईनमदी बसतो, जीवनपरिचय असतोय ना त्याच्यात. वरचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' मी काढलं की."

"आणि रंग?"

"रंग संपलाय. पर सर, फोटो झ्याक आलाय. एकदम शांत वाटतोय चेहरा."

नवा फ्लेक्स म्हणजे पुन्हा पैसे आणि चार दिवस. लालासाहेबांनी म्हटलं, माणसं मजकूर वाचतील, समयांकडे कोण बघतंय?

सगळ्यांनी समयाच बघितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी लावत असताना दोन ओळखीचे लोक फ्लेक्सखाली हात जोडून उभे होते. तिसरा डोळे मिटून होता. त्यानं डोळे उघडले, समोर लालासाहेबांना पाहिलं आणि सरळ रस्ता ओलांडून निघून गेला. दुपारी कुणीतरी काढलेला फोटो फिरत फिरत आटपाडीला पोचला आणि संध्याकाळी संयोगिताच्या मोबाईलवर त्यांच्या आत्याचा, साळूबाईंचा, फोन आला. तो लालासाहेबांनी उचलला.

"संयोगिता, आगं लाला कवा गेला गं? मला कुणी सांगिटलं न्हाई!"

"आत्या, मी लालाच बोलतोय."

"गप रं! आसल्या टायमाला चेष्टा करतोस व्हय? फोन संयोगिताकडं दे."

संयोगितानं फोन घेतला, जिवंत असल्याची खात्री दिली आणि कशाबद्दल फ्लेक्स लावलाय तेही समजावलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी ह्यो इतकी वर्सं लोकांचं पैसं खात हुता व्हय?" त्यापेक्षा मेल्याची बातमी बरी होती, असं लालासाहेबांना पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

तिसऱ्या दिवशी विनापरवाना फलकाची नोटीस आली. परवाना देणाऱ्या कार्यालयात एक चष्मेवाले कारकून होते. त्यांनी फलकाचा फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"ह्याचा प्रकार कुठला लिहायचा? जाहिरात, राजकीय, धार्मिक, का शोक?"

"यातलं काहीच नाही. जाहीर खुलासा आहे."

"तसा रकाना नाही."

"मग जाहिरात लिहा."

कारकुनांनी मजकूर वाचला. "तुम्ही यात लिहिलंय की दुसरीकडे स्वस्त मिळेल. जाहिरातीत असं कोण लिहितं? उद्या तपासणी झाली तर मला विचारतील." त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. "शोक लिहू का? शोकाला तीन दिवस शुल्क माफ आहे. फक्त मृत्यूचा दाखला जोडावा लागेल."

लालासाहेबांनी जाहिरात म्हणून सगळं शुल्क आणि वर दंड भरला. पावती घेताना त्यांना असं वाटलं की आपण सोळा वर्षं गप्प बसलो तेव्हा कुणीही आपल्याकडे परवाना मागितला नव्हता.

आता गिऱ्हाइकांचं सांगायचं तर, ती येत होती. पण पूर्वीसारखी नाही. पूर्वी गिऱ्हाईक आत आलं की टेकायचं आणि निवांत व्हायचं. आता ते खुर्चीच्या टोकावर बसायचं. एक बँडवाले गृहस्थ म्हणाले, "उघड एवढं घेतासा, तर आतनं किती घेत असाल!" आणि उठून गेले. एका नवरा-बायकोनं सगळा फलक मोबाईलवर उतरवून घेतला आणि लाखाला आठशेतले चारशे आम्हाला द्या म्हणून दीड तास घासाघीस केली. जुनी गिऱ्हाइकं तर फाईल घेऊनच यायला लागली. प्रत्येकाला आपल्या घरावर लालासाहेबांना काय मिळालं ते हवं होतं. तेही सांगत गेले. सांगताना पहिल्यांदा घाम फुटला, दुसऱ्यांदा कमी फुटला, दहाव्या माणसानंतर घाम आला नाही, पण माणसंही पुन्हा आली नाहीत. रस्त्यात नमस्कार करणारे कमी झाले. आणि शेजारच्या दारावर पृथ्वीराजनं रातोरात एक पाटी लावली: 'येथे कोणतेही कमिशन घेतले जात नाही.' त्याच्याकडे रांग लागली.

ह्या सगळ्यात एक माणूस लालासाहेबांवर खूश होता. आटपाडीकडचा जोतिबा गलांडे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं उभं राहूनच सगळा फलक मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "मर्दासारखं लिवलंय, सायेब. बोला, आमी कुठनं कर्ज काढावं?"

लालासाहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "समोरची बँक. दीड टक्का स्वस्त. मला त्यात काही मिळत नाही, पण तुमचं भलं होईल."

जोतिबानं कडक सलाम ठोकला आणि तो रस्ता ओलांडून गेला. त्या रात्री लालासाहेब पोटभर जेवले.

दोन महिन्यांनी जोतिबा परत आला तेव्हा त्याच्या हातात बँकेचं पत्र होतं. त्यानं ज्या इमारतीत फ्लॅट धरला होता तिची जागा अजून बिगरशेती झालेली नव्हती. बँकेनं सात वेळा कागद मागितले आणि आठव्यांदा नाही म्हटलं. तोवर बिल्डरनं दिलेली मुदत संपली होती. इसाराचे दीड लाख बुडाले होते.

"तुमाला ठावं न्हवतं व्हय, त्या जागेचं?"

लालासाहेबांना ठाऊक होतं. म्हणजे, विचार केला असता तर आठवलं असतं. त्या इमारतीतली तीन कर्जं त्यांनी स्वतःच वेगळ्या कंपनीकडून करून दिली होती, कारण बँका तिथं हात लावत नव्हत्या. पण जोतिबाचे कागद त्यांनी उघडून पाहिलेच नव्हते. ज्या कामात काही मिळायचं नव्हतं त्याची फाईल उघडायची सवय त्यांच्या हातांना नव्हती. त्यांनी फक्त बोट दाखवलं होतं.

"आवं, कमिशन घ्यायचं हुतं तर घ्यायचं की!" जोतिबाचा आवाज संकुलभर गेला. "चार पैसं जादा गेलं असतं, पर तुमी नीट बघून काम तरी केलं असतं. खरं बोलून माज्या पोराचं घर घालवलं तुमी."

पाणी विचारावं म्हणून लालासाहेबांनी पेला पुढे केला, तर जोतिबानं तो टेबलावरच सरकवून दिला, आणि जाताना फलकाकडे पाहिलंही नाही.

त्याच आठवड्यात कंपनीचं बोलावणं आलं. विभागीय साहेब महिन्यातून एकदा साताऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात बैठक घ्यायचे. लालासाहेब सकाळच्या एसटीनं कऱ्हाडमार्गे निघाले. कऱ्हाडला गाडी बिघडली, दुसऱ्या गाडीत दीड तास उभं राहावं लागलं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला माणूस साताऱ्याला पोचला तो कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीचा वास घेऊन. बैठकीत जेवण होतं, पण त्यांना त्या खोलीत बोलावण्यात आलं जिथं जेवण नव्हतं.

साहेब पस्तिशीचे होते. त्यांनी लॅपटॉपवर फलकाचा फोटो मोठा करून दाखवला.

"लालाजी, हे समया वगैरे काय आहे?"

"ती छपाईची चूक आहे, साहेब."

"आणि आकडा? तोही छपाईची चूक?"

"आकडा खरा आहे."

"तोच प्रॉब्लेम आहे. तुमच्या करारात कलम चौदा वाचलंय? कमिशनचा दर कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीला सांगता येणार नाही. सांगितल्यास तुमचा एजंटचा कोड बंद, म्हणजे आमचं काम बंद, आणि राहिलेली रक्कम जप्त."

लालासाहेबांनी आयुष्यात प्रथमच तो करार नीट पाहिला. प्रत्येक पानावर त्यांची सही होती. झोकदार, न थांबता केलेली.

"साहेब, सही करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतं का?"

साहेबांनी हे हसत, अगदी सौजन्यानं विचारलं. लालासाहेबही हसले. दुसरं काय करणार? तीन महिन्यांचं कमिशन गेलं. बाहेर पडताना वेटरनं विचारलं, "मीटिंगवाले का? जेवण तिकडं आहे." ते म्हणाले, "नको, उपास आहे." उपास नव्हता. हे मात्र उघड खोटं होतं आणि ते बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही.

उरलेल्या दोन कंपन्यांनीही पंधरा दिवसांत कोड बंद केले. ऑफिसचं भाडं थकलं, मग ऑफिसही सोडावं लागलं. जागा पृथ्वीराजनं घेतली, मधली भिंत पाडली आणि लालासाहेबांचं टेबल तो ठेवून घ्यायला तयार झाला. "लालाभाऊ, तुमची खुर्ची कायम हाय. पगारावर या," असंही म्हणाला. मनापासून म्हणाला, हे जास्त वाईट. संयोगिता एकदाही 'मी म्हटलं म्हणून तुम्ही लावलंत' असं बोलली नाही. फक्त शाळेनंतर तिनं घरी शिकवणी सुरू केली. सकाळी आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत चौदा मुलं बसायची, आणि लालासाहेब त्या वेळात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पेपर वाचायचे. पाढे म्हणताना कुणी चुकलं की ते आतून दुरुस्त करायचे. मग तेही त्यांनी थांबवलं, कारण मुलं हसायची.

अशाच एका सकाळी ते उठले, कपडे केले आणि मिरजेला चांदबीच्या घरी गेले. का गेले हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. घराला निळा रंग होता, बादशहानं दारावर ट्रकसारखी वेलबुट्टी काढली होती. आत चांदबी मशीनवर खाकी चड्ड्या शिवत होती, मिस्बाह कामावर निघायच्या बेतात होती.

लालासाहेब बसले नाहीत. "कंपनीनं मला चौदा हजार चारशे दिले होते," ते म्हणाले. "आणि विम्याचे वेगळे नऊ हजार. विमा सक्तीचा नव्हता. समोरची बँक स्वस्त आहे हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगायला आलो."

मशीन थांबलं. चांदबीनं दोरा तोडला. "बसा," एवढंच म्हणाली. चहाचं काही बोलली नाही.

त्यांनी बसून सांगितलं की कर्ज अजूनही बँकेकडे फिरवता येतं. महिन्याला साधारण अठराशे वाचतील. कंपनीकडून पत्र मिळवावं लागतं, कागद जमवावे लागतात, तीन-चार खेटे होतात. ते सगळं आपण करू. आणि ह्या वेळी आपण पैसे घेऊ, दोन हजार, तेही काम झाल्यावर. बँक आपल्याला काही देणार नाही. काम झालं नाही तर काही नाही. आणि ह्या वेळी सगळे कागद आधी स्वतः उघडून वाचू.

"हे लिहून द्याल?" मिस्बाहनं विचारलं.

"देतो की."

"मी लिहिते," ती म्हणाली आणि तिनं वहीचं पान फाडलं. कामाला उशीर होत असूनही ती सावकाश लिहीत होती. मधे दोन-तीनदा थांबून तिनं प्रश्न विचारले. खेट्यांचं भाडं कोण देणार? बँकेची फी किती? जुन्या विम्याचे काही परत मिळतील का? लालासाहेबांनी उत्तरं दिली. दोन ठिकाणी त्यांना माहीत नव्हतं, तिथं त्यांनी 'माहीत नाही' म्हटलं, आणि तिनं तेही लिहिलं. मग आईनं दोन हजारांचे पंधराशे केले. लालासाहेबांनी मान हलवली. सल्ल्याच्या पैशांवर त्यांच्याशी आजवर कुणी घासाघीस केली नव्हती, फुकटात घासायला काही नसतं.

इतक्यात बादशहा आला. हाताला लाल रंग होता. त्यानं कोपऱ्यातल्या माणसाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, सगळं समजल्यासारखा मोरीवर जाऊन हात धुवायला लागला. नमस्कार केला नाही. रंग निघत नव्हता तरी तो बराच वेळ हात घासत राहिला.

मिस्बाहनं कागद पुढे केला. लालासाहेबांनी खिशातलं पेन काढलं, सवयीनं पानाच्या तळाशी नजर गेली आणि पेन टेकलंच.

"वाचा की आधी, सायेब," चांदबी म्हणाली.

त्यांनी पेन उचललं. चष्मा पुसून लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. अक्षर मुलीचं होतं, गोल, स्वच्छ. पाचव्या ओळीशी ते थांबले. तिथं लिहिलं होतं की सल्लागारानं याच घरावर पूर्वी तेवीस हजार चारशे रुपये घेतले होते आणि ते घरच्यांना आज कळलं. लालासाहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. बेरीज बरोबर होती.

मशीन पुन्हा सुरू झालं होतं. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी उरलेल्या चार ओळी वाचल्या आणि मग, पाहिलं न पाहिलं करून झोकात करायची ती सही नव्हे, तर शाळेत हजेरीपटावर घालतात तसं आपलं सगळं नाव, एकेक अक्षर सुटं करून, खाली लिहिलं.